लूक, सरूबाई आणि दुधाची डिग्री

१० फेब्रुवारी २०१६, राखेचा बुधवार

नवे फादर जेरोम मोटारसायकलवरून धूळ खात आले आणि माझ्या ओसरीवर आमच्या चार ख्रिस्ती घरांची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली. कपाळाला राख लावून म्हणाले, तू माती आहेस हे लक्षात ठेव. विसरायला जागा कुठे आहे? उमापूरच्या रस्त्याने एक जीप गेली की अर्ध्या गावाच्या ताटात माती पडते. माझं घर तर परळीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटांचं आहे. राखेत राहणाऱ्या बाईला चिमूटभर राख लावून हे काय शिकवतात?

मिस्सा झाल्यावर त्यांनी शंभर पानी वही माझ्या हातात दिली. "मार्थाबाई, ईस्टरपर्यंत लूकचं शुभवर्तमान वाचा. चोवीस अध्याय आहेत. घाई नको. वाचून झालं की तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. देव इथे काय सांगतो, मला काय सांगतो, आणि आज मी काय करणार."

मी सांगितलं की सिस्टरांच्या बोर्डिंगात दहा वर्षं काढली आहेत, लूक मला तोंडपाठ आहे, पाठांतराचं बक्षीस होतं.

"पाठ आहे म्हणूनच वाचा," म्हणाले. वय असेल तीस-बत्तीस. मी सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली नऊ परिसेविका म्हणून. तेव्हा हा मुलगा पोलिओचा डोस घ्यायला तोंड उघडत नसेल.

पण वही चांगली आहे. रेघा सरळ आहेत.

१२ फेब्रुवारी

पहिला अध्याय. लूक डॉक्टर होता म्हणतात. डॉक्टराने लिहिलेलं वाचता येतंय, हाच पहिला चमत्कार.

जखऱ्या नावाचा याजक देवदूताला उलट प्रश्न विचारतो आणि मूल होईपर्यंत त्याची वाचा बंद होते. इतकी वर्षं हे नुसतं पाठ होतं, त्यातली सोय आज कळली. तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं: 'फादर जेरोम यांनी या अध्यायावर मनन करावं.'

सकाळी सरूबाई अर्धा लिटर दूध देऊन गेली. ती समोरच्या बौद्धवाड्यातली. जमीन नाही, फक्त राणी नावाची म्हैस. कडबा संपला तेव्हा ती जानेवारीत म्हशीला घेऊन दोन मैलांवरच्या चारा छावणीत राहायला गेली. आमच्या गावची ती एकटीच तिथे. बाकीच्यांच्या कडब्याच्या गंज्या अजून उभ्या आहेत. तिथून पहाटे चालत येते, आधी माझं दूध घालते, मग संस्थेत जाते.

साय भाकरीएवढी आली. दूध मंद आचेवर ठेवावं लागतं, सारखं ढवळत बसलं की साय मरते. हे गावातल्या एकाही बाईला जमत नाही.

१५ फेब्रुवारी

आज चतुराबाई आल्या. आमच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. घरात सरपंचकी, अंगावर खणाची चोळी, बोलणं ऐरणीवर घण घातल्यासारखं.

"शिस्टर, तपासणी समितीत एक माणूस पायजे. ज्याच्या दारात जनावर न्हाई असं. तुमच्या दारात तर मांजर बी टिकत न्हाई."

मी मांजराचा विषय सोडून दिला. म्हटलं, येते, पण नियम म्हणजे नियम.

"म्हणून तर आले. आमी आपसात कुणाला बोलावं? इकडं जाऊ, तिकडं नणंद."

त्यांना पापाचा वाटा उचलायला कोणीतरी तिऱ्हाईत हवी आहे, हे मला कळलं. तरी हो म्हटलं. दवाखान्यात मी आलेली दिसली की वॉर्डबॉय विडी विझवायचे. निवृत्तीनंतर गावात मला बघून कोणी काही विझवलेलं नाही.

२० फेब्रुवारी

तीन दिवस पाहत होते. केंद्रावर दूध घेणारा कारभारी मापात दूध ओततो, दाटपणा दाखवणारा काचेचा काटा त्यात सोडतो आणि म्हशीच्या दुधाची डिग्री वाचतो. अठ्ठावीसच्या वर पाहिजे, खाली आली तर पाणी. सरूबाईची पंचवीस. दुसऱ्या दिवशी पंचवीस. आज साडेचोवीस.

सगळ्या बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सरू, दुधात पाणी आहे. टँकरच्या दिवसांत तुला घालायला पाणी मिळतं कुठून, हे तरी सांग."

बायका हसल्या. सरू हसली नाही. म्हणाली, "राणीच्या सडात टाकी न्हाई, शिस्टर."

कारभारी चिठ्ठी पुढे करत म्हणाला, "शिस्टर, फॅट तर बघा की..."

"मी डिग्री विचारली," म्हटलं. ताप मोजायचा तेव्हा ताप मोजायचा, पेशंटच्या साडीचा रंग बघायचा नाही.

दूध परत केलं. नियम असा की पाणी सापडलं तर महिनाभर दूध बंद आणि सर्वसाधारण सभेत सभासदत्वाचा निर्णय. सभा वीस मार्चला. सभासदत्व गेलं तर संस्थेची पेंड बंद, आणि पेंडीशिवाय म्हैस या उन्हाळ्यात राहायची नाही, ती बाजारात जायची. याला माझा इलाज नाही. मी पाणी घातलेलं नाही.

सहावा अध्याय: चांगलं माप, दाबून, हलवून, शीग भरून तुमच्या पदरात घालतील. तिसरा प्रश्न: 'दूध घालणाऱ्या सर्वांनी वाचावा.'

२२ फेब्रुवारी

मला वाटलं होतं सरू आता माझ्याकडे दूध घालायची नाही. आज नेहमीच्याच वेळेला आली, नेहमीचं माप घातलं, वर थोडं जास्तीचंही.

मी म्हटलं, "लूक म्हणतो, जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू."

"ह्यो लूक कोण? तुमच्या नात्यातला का?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे."

"मंग त्यानं राणीचं दूध कवा बघितलं आसंल?" आणि गेली.

साय पुन्हा भाकरीएवढी. मी विचार केला. मला चांगलं दूध घालते आणि संस्थेला पाण्याचं. ही लाच आहे. एका घरची साय जाड ठेवून तपासणी करणारीचं तोंड बंद करायचं. आमच्या दवाखान्यात औषधवाले डायऱ्या वाटायचे, तोच प्रकार.

साय खाल्ली. टाकून देणं हेही पापच आहे.

१ मार्च

दहावा अध्याय. नाव माझंच. मार्था स्वयंपाकात राबते, बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, आणि बोलणी कोणाला बसतात? मार्थेला. सिस्टरांनी हे नाव माझ्यासाठी का निवडलं, हे विचारायचं राहून गेलं. तेरा माणसं जेवायला आली होती. भाकरी काय आकाशातून पडणार होत्या? पहिल्या प्रश्नाखाली स्पष्ट लिहिलं की इथे प्रभूचं चुकलं.

मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

६ मार्च, रविवार

फादर जेरोमनी वही मागितली आणि ओसरीवर बसून सगळी वाचली. तीन वेळा खोकले. खोकला नव्हता, हसू होतं. मी छत्तीस वर्षं खोकले ऐकले आहेत.

मग खिशातून लाल पेन्सिल काढली. मार्थेच्या पानावर 'प्रामाणिक' असं लिहिलं. पण तिसऱ्या प्रश्नाच्या प्रत्येक उत्तराखाली रेघ मारत गेले.

"मार्थाबाई, प्रश्न काय आहे?"

"आज मी काय करणार."

"आणि उत्तरात कोण कोण आहे?"

मी वाचलं. फादर, चतुराबाई, दूध घालणाऱ्या सर्व, जिल्हाधिकारी, टँकरचा ड्रायव्हर, पुन्हा फादर.

"हे सगळे करतील तेव्हा करतील," म्हणाले. चहा प्यायले, दुधाचं कौतुक केलं आणि मोटारसायकलला लाथा मारत निघून गेले.

माझ्या हातात काही असतं तर मी केलं नसतं का? हा प्रश्न घालणाऱ्याला माझं आयुष्य माहीत नाही.

७ मार्च

परवाचा तेरावा अध्याय वहीत लिहायचा राहिला होता. अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो तोडा. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मला मालकाचं पटलं. नियम म्हणजे नियम. शिवाय माळ्याचं खत कोणाचं? मालकाचंच.

आता पंधरावा. धाकटा मुलगा सगळं उधळून येतो आणि त्याच्यासाठी वासरू कापतात. थोरला घरी राबतो, त्याला करडूसुद्धा नाही. थोरल्याच्या बाजूने दोन पानं लिहिली. लाल पेन्सिलीला दम असेल तर मारावी रेघ.

१२ मार्च

अठरावा अध्याय. पहिली गोष्ट फार आवडली. एक विधवा न्यायाधीशाच्या इतकी मागे लागते की तो वैतागून न्याय देतो. मीही विधवा आहे, निवृत्तिवेतनाची फाइल मी अशीच हलवली होती.

दुसरी गोष्ट परूशी आणि जकातदाराची. परूशी, म्हणजे नेमधर्म काटेकोर पाळणारा, देवाला म्हणतो, मी इतर लोकांसारखा नाही याबद्दल तुझे आभार. किती तो अहंकार. रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाचे आभार मानले की तसला स्वभाव त्याने मला दिला नाही.

आज एक गोष्ट झाली. कपाटातला माझा काटा काढला. पदरचा आहे, समितीत गेले तेव्हा मागवला होता. सहज म्हणून घरचं दूध मोजलं. पंचवीस.

म्हणजे आता मलाही पाणी. संतापाने पातेलं चुलीवर ठेवलं. वीस मिनिटांनी पाहिलं तर साय भाकरीएवढी.

पाण्यावर साय धरत नाही. मंद आच असली तरी. मग काट्यात खोट? शेजारच्या कौशल्याबाईंकडून वाटीभर दूध मागून आणलं. एकोणतीस. काटा ठीक आहे.

काहीतरी चुकतंय, आणि माझं काही चुकत नाहीये.

१४ मार्च

एकोणिसावा अध्याय. बोर्डिंगात यावर नाटक केलं होतं. जक्कय अंगाने बुटका, जकातदारांचा प्रमुख, येशूला बघायला मिळावं म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. मी झाड झाले होते. हिरवी चादर गुंडाळून तासभर हात वर. तेव्हाही मला वाटायचं, एवढ्या हुद्द्याचा माणूस, फांदीला लोंबकळताना लाज कशी वाटली नाही? बोलावून घ्यायचं होतं येशूला कचेरीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'मला लागू नाही.'

उद्या छावणीवर जाणार आहे. सरूला न सांगता, धारेच्या वेळी. दूध निघताना बघायचं आणि पाणी घालताना हात धरायचा. सभेला सहा दिवस आहेत. पुरावा पाहिजे.

१५ मार्च

लिहू की नको असं झालं आहे. पण फादरांनी नुकतंच 'प्रामाणिक' लिहिलं आहे.

पहाटे पाचला निघाले. छावणी म्हणजे माळावर दावणींच्या रांगा, वर गोणपाटं, शेणाचा आणि उसाचा वास. माणसं जनावरांपाशीच झोपलेली. सरूची दावण तिसऱ्या रांगेत, पण मध्ये उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांचा, ढीग. पलीकडचं दिसेना. माझी उंची चार फूट दहा इंच. बाजूला रिकामी ट्रॉली उभी होती. चाकावर पाय ठेवला, फळीला धरलं आणि वर चढले. चौसष्टाव्या वर्षी. नऊवारीत नाही, पण पाचवारीतही ते सोपं नसतं.

वरून स्वच्छ दिसलं. सरूने राणीच्या पाठीवरून हात फिरवला, सडं ओल्या फडक्याने पुसली आणि किटली गुडघ्यात धरून धार काढली. पाण्याचं भांडं आसपास नव्हतं. छावणीत पाणी मापून मिळतं. तिची बादली म्हशीपुढे होती आणि म्हैस ती चाटत होती. शेवटच्या धारेपर्यंत पाहिलं. किटलीत दुधाशिवाय काही गेलं नाही.

मी आणखी वाकले आणि ट्रॉलीची फळी वाजली.

सरूने वर पाहिलं. राणीने पाहिलं. मग आजूबाजूच्या पंधरा-वीस दावणींवरच्या माणसांनी पाहिलं.

एक म्हातारा म्हणाला, "ही कोण बाई? कुक्कुटपालनाची साहेब हाय का?"

सरू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिस्टर, उतरा खाली लवकर. आज च्या आपल्याकडंच घ्यायचा."

उतरणं चढण्याहून अवघड निघालं. दोघींनी धरून उतरवलं. गोणपाटाखाली तीन विटांची चूल, तिच्यावर मोठं पातेलं. सगळी छावणी कप घेऊन यायला लागली. मी विचारलं, हे काय?

"संस्थेनं दूध बंद केलं. मंग काय, नाल्यात वतू? सगळ्यास्नी च्या पाजते रोज. कोणी साखर आणतं, कोणी पत्ती. लई झकास चाललंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वीस तारखेपतूर. त्याच्या म्होरं राणीला बाजार दावावा लागंल."

मी चहा प्यायले. दुधाचा चहा, साय तरंगणारा.

"तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलंच की. सडात टाकी न्हाई म्हणलेते. तुमी त्या लूकचं ऐकना, माझं कशाला ऐकताल?"

१६ मार्च

सरळ केंद्रावर गेले. कारभाऱ्याला म्हटलं, त्या दिवशी काय सांगत होतास ते आता पूर्ण सांग, मी मध्ये बोलणार नाही. त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"पाणी घातलं तर फॅट बी पडती, डिगरी बी पडती. सरूबाईची फॅट साडेसात. सगळ्यात वर. नुसती डिगरी पडली. छावणीत जनावराला ऊस अन् वाढं, दुसरं काय न्हाई. कडबा न्हाई, हिरवं न्हाई. उसावर फॅट टिकती, डिगरी पडती. मागच्या दुष्काळात बी आसंच झालतं. मी तेच सांगत होतो, तर तुमी..."

"मध्ये बोलणार नाही म्हटलंय, पण हे वाक्य नाही संपवलंस तरी चालेल."

चिठ्ठीवर दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. बोटभर अंतर नाही. छत्तीस वर्षं मी नव्या पोरींना शिकवलं, नुसता ताप बघू नका, पेशंटकडे बघा.

घरी आले आणि एकोणिसाव्या अध्यायाचं पान उघडलं. 'मला लागू नाही' या ओळीकडे बघत बसले. तो झाडावर चढला होता. मी ट्रॉलीवर. 'जक्कय, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे,' असं येशू त्याला म्हणतो, ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही मिटून तिच्यावर डाळीचा डबा ठेवला.

२० मार्च, झावळ्यांचा रविवार

सकाळी चतुराबाई घरी आल्या. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं झालं कळलं. त्यो इषय सभेत घेतच न्हाई. गपचूप दूध चालू करू. तुमचं बी नाव ऱ्हाईल, संस्थेचं बी."

हे मला शेवटच्या क्षणापर्यंत फार पटत होतं. खरंच. जिभेवर 'ठीक आहे' आलं होतं.

"मी गपचूप बोलले नव्हते, चतुराबाई. किटल्या घेऊन सगळ्या उभ्या होत्या."

"मंग तुमची तुमी जाणा. पण लांबण लावू नगा, ऊन लई हाय."

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात. उभी राहिले. मिनिटभर बोलायचं ठरवलं होतं, पण आधी वेळेवर न येणाऱ्यांना बोलले, मग चपला वाटेत काढणाऱ्यांना. मग मुद्द्यावर आले. म्हटलं, "सरूबाईच्या दुधात पाणी नव्हतं. मी एक आकडा पाहिला, दुसरा पाहिला नाही. कारभारी सांगत होता, मी सांगू दिलं नाही. सगळ्यांसमोर तिला हसवलं... म्हणजे तुम्हाला हसवलं. चूक माझी आहे. इतिवृत्तात माझ्या नावानिशी लिहा." आणि मी ठराव मांडला की छावणीतल्या दुधाला आधी फॅट बघायची, आणि उन्हाळाभर छावणीतल्या जनावराला संस्थेची पेंड दुप्पट द्यायची.

शिव्यांची तयारी ठेवून उभीच राहिले. मागून दगडाबाई पुटपुटली, "शिस्टर चुकली? तारीख लिहून ठिवा गं." मग हसू फुटलं, आणि या वेळी सरूही हसली.

ठराव झाला. चतुराबाईंनी विचारलं, "आता समितीचं काय? शिस्टरला ठिवायचं का काढायचं? सरूबाई, तूच सांग."

मी सरूकडे पाहिलं नाही. चपलांकडे पाहिलं.

सरू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की एवढं एक साल. छावणीत पाठवत जाऊ तिला. शेणामुतात जरा हात घालंल. सुधारली तर सुधारली, न्हाई तर म्होरल्या साली बघू."

मी दचकून विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"काही नाही."

अंजिराच्या त्या माळ्याविषयी मी वहीत काय लिहिलं होतं, ते आठवलं. खत कोणाचं, असं विचारलं होतं मी.

२७ मार्च, ईस्टर

फादर आले. नवी मेणबत्ती वाऱ्याने चार वेळा विझली, पाचव्यांदा टिकली. सरू ओसरीच्या कडेला बसून सगळं बघत होती. मिस्सा झाल्यावर फादरांना म्हणाली, "तुमीच का लूक?" ते म्हणाले, नाही, मी जेरोम. "मंग लूकला सांगा, शिस्टर आता ऐकायला लागल्यात. थोडं थोडं."

फादरांना खोकला आला.

चोविसावा अध्याय संपला. दोघं शिष्य वाटेने चालतात, मेलेल्यांतून उठलेला येशू बरोबर चालतो, बोलतो आणि त्यांना ओळखू येत नाही. एकत्र खायला बसल्यावर ओळख पटते. पूर्वी मला हे दोघं मंद वाटायचे. बरोबर चालणारा माणूस ओळखू येत नाही म्हणजे काय?

आज तसं लिहिलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं: 'उद्या पहाटे मी छावणीत जाणार. सरू धार काढायला शिकवणार आहे. शेण मी काढायचं, असं तिने ठरवलं आहे. मला विचारलं नाही.' फादरांनी वाचलं आणि लाल पेन्सिल खिशातच राहू दिली. मला वाटतं, टोक मोडलं असावं.

संध्याकाळी दूध तापवलं. फादरांच्या गडबडीत आच मोठी राहिली, दोनदा ढवळलंही. तरी साय भाकरीएवढी. म्हैसच चांगली आहे.